नावापुरती उमेदवार

फुलीची पहिली रेघ ठसठशीत होती, दुसरी फिकट. दुसरी रेघ चौकटीच्या उजव्या कडेबाहेर दोन मिलिमीटर गेली होती. तिथे पेन्सिलीचं टोक घसरलं होतं आणि शिसाची बारीक भुकटी कागदावर उरली होती. फुली काढणारा हात म्हातारा असावा, किंवा थंडीने गारठलेला, किंवा दुसऱ्या हातात कुत्र्याचा पट्टा असावा. लिनेट फॅरोने तिन्ही शक्यता मनात मांडून पाहिल्या आणि एकही निवडली नाही. पुरावा अपुरा होता.

फुली मात्र तिच्याच नावासमोर होती.

मतपत्रिका टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होती. पलीकडे मोजणारे, अलीकडे उमेदवार आणि त्यांची माणसं. अलीकडच्यांनी बघायचं, बोटही लावायचं नाही. विदर्नली बरोची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, मतमोजणी दरवेळेप्रमाणे तरणतलावाशेजारच्या खेळाच्या हॉलमध्ये चालली होती. बास्केटबॉलची रिंग वर ओढून बांधलेली होती आणि बॅडमिंटनच्या रेघांवर टेबलं मांडली होती. तलावाचा वास भिंतीतून येत होता. लोक त्याला क्लोरीनचा वास म्हणतात. तो खरं तर क्लोरीन आणि घाम यांच्या संयुगाचा असतो. पाण्याच्या प्रयोगशाळेत उभा जन्म घालवलेल्या लिनेटला हे ठाऊक होतं, आणि ते कुणाला सांगायचं नसतं हेही ठाऊक होतं.

"अगं, तू इथे काय करतेस?" जिल ओल्ड्रॉइड मागून आली. पिवळ्या पक्षाची या बरोतली सगळी सूत्रं तिच्या हातात होती. कोटावर पिवळं रिबिनीचं फूल, एका हातात फोन, दुसऱ्या हातात अर्धा खाल्लेला सॉसेज रोल. "बेकसाइडच्या टेबलाशी उभं राहून नुसते पाय दुखतील तुझे. खरी मारामारी तिकडे कॅसलगेटच्या टेबलावर आहे."

"माझं नाव इथल्या कागदावर आहे, जिल."

"नावापुरतंच ना, बाई! मीच घातलंय."

हे खरं होतं. बेकसाइड वॉर्डात दोन जागा. दोन्ही निळ्यांच्या, आणि तिथल्या लोकांना आठवतं तेव्हापासून निळ्यांच्याच. अशा वॉर्डात पिवळे फक्त नावं भरायचे; पत्रकं नाहीत, दारोदार फिरणं नाही. मार्चमध्ये जिल लिनेटच्या स्वयंपाकघरात येऊन बसली होती. ओट्यावर संत्र्याच्या मुरंब्याच्या बरण्या निवत होत्या. जिल म्हणाली होती, "सही कर फक्त. निवडून येण्याची भीती नाही, माझा शब्द." दुसरी सही वॉल्टन नावाच्या गृहस्थांनी केली होती आणि ते आत्ता पोर्तुगालमध्ये गोल्फ खेळत होते.

लिनेट मात्र सही करून गप्प बसली नव्हती. एप्रिलभर तिने कॅसलगेट वॉर्डात पत्रकं वाटली होती, कारण तिथे पक्षाचा नेता रसेल थर्ल्बी स्वतः उभा होता आणि जागा अटीतटीची होती. तिथल्या अर्ध्या घरांच्या पत्रपेट्यांच्या झडपांनी तिची बोटं चावली होती. स्वतःच्या गल्लीत तिने एकही पत्रक टाकलं नव्हतं.

सही करताना नवरा डेरेक दारात उभा होता. तो एवढंच म्हणाला होता, "निकाल लागला की मग तरी सांगशील ना?"

विषय फायलीच्या बंगलीचा होता. फायली म्हणजे समुद्रकाठ. डेरेकला तिथे एकमजली घर घ्यायचं होतं, खिडकीतून पाणी दिसेल असं. तो निवृत्त झाला तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, विचारत होता. आणि लिनेट दोन वर्षं म्हणत होती, "बघू." हे घर विकल्याशिवाय ते घर येणार नव्हतं, आणि तिच्या होकाराशिवाय हे घर विकलं जाणार नव्हतं. मार्चमध्ये मुरंब्याच्या बरण्यांसमोर तिने शब्द दिला होता: निकालाच्या दिवशी हो किंवा नाही सांगते. त्या दिवशी ते सोपं वाटलं होतं. हरायचं होतंच. हरल्यावर माणूस कुठेही जाऊ शकतो.

आज निकालाचा दिवस होता.

मोजणारे गठ्ठे लावू लागले. दोन जागा असल्या की प्रत्येक मतदाराला दोन फुल्या. ज्यांनी दोन्ही फुल्या एकाच पक्षाला दिल्या त्यांच्या मतपत्रिका आधी वेगळ्या काढतात. त्या मोजायला सोप्या. निळ्यांचा गठ्ठा भराभर वाढत गेला. पिवळ्यांचा गठ्ठा त्याच्या शेजारी सँडविचएवढा दिसत होता.

जिलने एक नजर टाकली. "झालं. बघितलंस? मी रसेलला सांगते बेकसाइड गेलं म्हणून. तू चहा पी जा."

"अजून मिश्र मतं बाकी आहेत."

"अगं, मिश्र मतं म्हणजे गोंधळलेली माणसं. दर वेळी असतात मूठभर." सॉसेज रोलचा उरलेला तुकडा तोंडात कोंबून जिल कॅसलगेटच्या टेबलाकडे पळाली.

लिनेट हलली नाही. प्रयोगशाळेत नव्या मुलांना ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत असे: बाटलीचा तळ बघितल्याशिवाय बाटलीबद्दल बोलू नका.

टेबलाच्या टोकाला दोन बायका मिश्र मतपत्रिका लावत होत्या. एकीच्या अंगठ्यावर रबराची निळी टोपी होती. डावीकडे उमेदवारांची नावं छापलेला लांबलचक कागद पसरायचा. त्यावर एकेक मतपत्रिका अशी चिकटवत जायची की खालच्या पत्रिकेची फक्त फुल्यांची पट्टी उघडी राहावी. शेवटी पट्ट्यांची झालर दिसते. मोजणारे तिला गवताचा झगा म्हणतात. नावाच्या ओळीतून डोळा आडवा फिरवला की कुणाला किती फुल्या ते दिसतं.

नावं आडनावाच्या इंग्रजी वर्णक्रमाने होती. सगळ्यात वर फॅरो. मग रेनशॉ, निळ्यांचा नवा तरुण उमेदवार. मग स्टॅन्सफील्ड, निळ्यांचे जुने नगरसेवक. तळाला वॉल्टन, गोल्फवाले.

पहिला झगा भरला. लिनेटने डावीकडून उजवीकडे नजर फिरवली. स्टॅन्सफील्डच्या ओळीत फुल्या दाटीने होत्या. त्यात नवल नव्हतं. जेफ्री स्टॅन्सफील्डला बेकसाइडमध्ये पिवळेसुद्धा मत देत. पण वरच्या ओळीतही फुल्या होत्या. स्टॅन्सफील्ड आणि फॅरो. स्टॅन्सफील्ड आणि फॅरो. एकच जोडी पट्टीमागून पट्टी. रेनशॉच्या ओळीत मात्र ढगाळ रात्रीच्या चांदण्यांइतक्या तुरळक फुल्या.

एक नमुना म्हणजे काहीच नाही, लिनेटने स्वतःला बजावलं. एखाद्याच मतपेटीतला असेल.

दुसरा झगा तसाच निघाला. तिसराही. मग त्या बाईने अंगठ्यावरची टोपी नीट केली आणि नवा कागद पसरला, कारण मिश्र मतपत्रिकांचा ढीग मूठभर नव्हता. तो निळ्यांच्या गठ्ठ्याएवढा उंच होता.

"बघून घे, बघून घे, फॅरोबाई," शेजारून आवाज आला. जेफ्री स्टॅन्सफील्ड काठीवर रेलून उभे होते. कोटाला निळं फूल, ते इतकं जुनं की कडा जांभळट झाल्या होत्या. "माझ्याच खिशातून काढून घेतलीस की सगळी."

"मी काहीच केलं नाही, जेफ्री. एक पत्रकसुद्धा टाकलं नाही."

"म्हणूनच! आमचा टोबी रेनशॉ घरोघरी सहा-सहा पत्रकं टाकत होता. शेवटी लोक कुत्रे सोडायला लागले अंगावर." ते खोकले, बहुधा हसलेच असावेत. "आणि कुत्र्यांवरून सांगतो, आमच्या घरातलं एक मत तुला गेलंय. बायकोने लपवलंही नाही. म्हणाली, तुम्हाला देते ते लग्न झालंय म्हणून, आणि तिला देते ते पाटीसाठी."

पाटी.

बेकसाइडच्या मधून ओढा वाहतो. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच रविवारी लिनेट बाटली घेऊन ओढ्यावर गेली होती. हाताला सवय होती म्हणून. वरच्या बाजूला पावसात मैलापाणी उलटून ओढ्यात यायचं, हे नाकाने सगळ्यांना कळायचं, पण कधी किती हे कुणालाच माहीत नसायचं. तिने तपासलं आणि पादचारी पुलाच्या कठड्याला एक छोटी काळी पाटी अडकवली. आकडे कुणाला कळणार, म्हणून खडूने साधं लिहिलं: आज पाणी बरं आहे. पुढच्या रविवारी: आज कुत्र्यांना उतरू देऊ नका. तेव्हापासून दर रविवारी. पाटी कुणी वाचतं की नाही याचा तिला पत्ता नव्हता. एकदा तापामुळे ती गेली नाही, तेव्हा कोऱ्या पाटीवर कुणीतरी मोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. तिला वाटलं होतं, पोरांचा चावटपणा.

ती पुन्हा झग्याकडे वळली. प्रत्येक पट्टी म्हणजे एक माणूस. तो माणूस कायम निळ्यांना मत देत आला, या खेपेलाही पहिली फुली त्याने जेफ्रीलाच दिली, आणि मग पेन्सिल हातात धरून क्षणभर थांबला, आणि वर सरकला. हे अपघाताने होत नाही. इतक्या वेळा तर नाहीच.

ती चहा प्यायला गेली, कारण तिला बसायला हवं होतं.

कॅफे काचेच्या भिंतीआड होता, खाली तरणतलाव. डेरेक कोपऱ्यातल्या टेबलाशी शब्दकोडं सोडवत बसला होता. समोर थर्मास, कारण इथला चहा त्याच्या मते पोहण्याच्या पाण्याचाच केलेला असायचा. थर्मासखाली फायलीच्या त्या बंगलीचं छापील चित्र होतं. इतके महिने फ्रीजवर लागून त्याच्या चारी कोपऱ्यांवर चुंबकांचे वळ उमटले होते.

"हरलीस?" त्याने मान वर न करता विचारलं.

"कदाचित नाही."

आता त्याने मान वर केली. लिनेटने त्याला झग्याचं सांगितलं, जोडीच्या फुल्यांचं सांगितलं, स्टॅन्सफील्डबाईंचं सांगितलं. तो मधे बोलला नाही. सदतीस वर्षं बसचं वेळापत्रक आखलेला माणूस. दुसऱ्याची गाडी थांब्यावरून हलेपर्यंत थांबायची त्याला सवय होती.

"मग?" तो म्हणाला.

"बघू—"

"नाही." डेरेकने पेन खाली ठेवलं. "नाही हं, लिन. तुझं 'बघू' म्हणजे आपल्या फ्रीजमधली लोणच्याची बरणी. पुढेही येत नाही आणि बाहेरही जात नाही. मला समुद्र हवाय, हे मी लपवणार नाही. पण त्याहीपेक्षा मला उत्तर हवंय. हो म्हण, नाही म्हण, मी दोन्ही पचवीन."

"आणि नाही म्हटलं तर?"

"दोन दिवस गप्प बसेन. मग बागेतलं ते शेड एकदाचं पाडीन आणि मोठं बांधीन." त्याने चित्राच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "एक मात्र कर. जे काय सांगशील ते मोठ्याने सांग. कानात पुटपुटलेलं तू नंतर फिरवतेस."

ती काही बोलणार एवढ्यात हॉलमधून मोठा ओरडा ऐकू आला. निळ्यांचा. कॅसलगेट लागलं होतं.

लिनेट परतली तेव्हा रसेल थर्ल्बी मंचावरून उतरत होता. उंच, देखणा माणूस. आज पहिल्यांदाच त्याच्या टायची गाठ सैल दिसत होती. बरोभर पिवळे पुढे होते, सत्ता येणार हे जवळपास ठरलं होतं, आणि सत्तेवर बसायचा माणूसच स्वतःच्या वॉर्डात पडला होता. जिल त्याच्याशेजारी फोन घट्ट धरून उभी होती, पण फोनवर बोलत नव्हती.

तेवढ्यात बेकसाइडच्या उमेदवारांना बोलावणं आलं. शंकास्पद मतपत्रिका दाखवायच्या होत्या. निवडणूक अधिकारी बाईंनी त्या एकेक करून टेबलावर ठेवल्या. एकावर कुणीही उमेदवार नको असं लिहिलं होतं, तेही अशा भाषेत की जेफ्रींनी चष्मा काढून पुसला. ती बाद. एकावर तीन फुल्या. बाद. तिसऱ्यावर स्टॅन्सफील्डसमोर फुली होती आणि फॅरोसमोरच्या चौकटीत फुलीऐवजी चित्र होतं: चार पाय, दोन कान, वर उचललेली शेपटी.

"हा कुत्रा आहे," टोबी रेनशॉ म्हणाला. "हे मत नाही, हा कुत्रा आहे."

"शेपटी वर आहे," जेफ्री म्हणाले. "म्हणजे खूश आहे."

"जेफ्री, तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

"मी कुत्र्याच्या."

अधिकारी बाई हसल्या नाहीत. त्यांच्या कामात तसली चैन नव्हती. "चित्र पूर्णपणे एका चौकटीत आहे, इतर चौकटींपैकी फक्त एकीत फुली आहे. मतदाराचा हेतू स्पष्ट दिसतो. ग्राह्य." त्यांनी पत्रिका झग्याकडे पाठवली आणि मग तात्पुरते आकडे हळू आवाजात सांगितले. स्टॅन्सफील्ड पहिले. दुसऱ्या जागेवर फॅरो, रेनशॉपेक्षा अकरा मतांनी पुढे.

"फेरमोजणी," टोबी लगेच म्हणाला.

"मलाही हवी," लिनेट म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"जिंकणाऱ्याने फेरमोजणी मागितलेली मी आयुष्यात पाहिली नाही," जेफ्री म्हणाले.

"एका मोजणीवर माझा भरवसा नसतो. पहिल्यांदा चुकलं असेल तर दुसऱ्यांदा कळेल. बरोबर असेल तर तेही कळेल."

झगे पुन्हा पसरले गेले. जिलने लिनेटचा कोपर धरून तिला भिंतीशी नेलं, जिथे व्यायामाच्या गाद्यांची चळत होती. रसेल आधीच तिथे उभा होता.

"अभिनंदन, लिनेट," तो म्हणाला. "मनापासून. तुम्ही कॅसलगेटमध्ये माझ्यासाठी किती फिरलात ते मला ठाऊक आहे. वाईट वाटतं, तुमचे कष्ट वाया गेले."

"मलाही वाईट वाटलं. तुम्ही चांगले नगरसेवक होता."

"होतो." त्याने तो शब्द जरा चघळला. "मी सरळच बोलतो. परवा आपल्या गटाची बैठक. सत्ता आपली आणि मी बाहेर. बेकसाइडची जागा रिकामी झाली तर दीड-दोन महिन्यांत पोटनिवडणूक लागेल. आज वारा आपल्या बाजूने आहे. मी तिथून येऊ शकतो."

"रिकामी कशी होईल?"

तो जिलकडे बघू लागला. जिल गाद्यांकडे बघू लागली.

"अगं, आपलं ठरलंच होतं ना तसं," जिल म्हणाली. "तुला हे नकोच होतं. मी तुला शब्द दिला होता की येणार नाहीस निवडून. माझी चूक झाली; ती दुरुस्त करायची. राजीनामा म्हणजे दोन ओळी. तू आणि डेरेक फायलीला जायला मोकळे. तो बिचारा दोन वर्षं चित्र घेऊन बसलाय."

"डेरेकला मधे घेऊ नकोस, जिल."

"बरं, नाही घेत. पण चार वर्षं तू रस्त्यांचे खड्डे आणि कचऱ्याच्या गाड्या यांच्या बैठका करणार? तू? तू तर वाढदिवसाच्या पार्टीतूनसुद्धा भांडी घासायला पळतेस."

हेही खरं होतं. लिनेटला राग आला नाही. जिल वीस वर्षांची मैत्रीण, आणि तिने मांडलेली निरीक्षणं अचूक होती. निष्कर्ष मात्र त्यातून निघत नव्हता.

"रसेल, एक विचारते," ती म्हणाली. "आपल्या ओढ्याच्या वरच्या अंगाला पावसात पाणी उलटतं ते नेमकं कुठून?"

"कुठला ओढा?"

"बेकसाइडचा."

"ते... पाणी कंपनीशी बोलावं लागेल. अधिकारी बघतील."

"मिल लेनच्या पुलाखालचं गटाराचं झाकण. चौथ्या तासाला. पाऊस संपल्यावर, चालू असताना नाही. मी मोजलंय." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, हळू. "तुम्हाला माहीत नाही यात तुमचा दोष नाही. तुम्ही तिथले नाही. पण त्या लोकांनी जेफ्रीच्या खालोखाल तुम्हाला मत दिलेलं नाही."

"लोकांनी पक्षाला मत दिलंय," रसेल म्हणाला.

"पक्षाला दिलं असतं तर वॉल्टनना गोल्फ सोडून यावं लागलं असतं. झगे तिथे पसरलेत. बघून या."

रसेल वाईट माणूस नव्हता. तो खरोखर टेबलाकडे गेला. लिनेटने त्याला वाकून ओळींवरून नजर फिरवताना पाहिलं. वरची ओळ. मग तळाची ओळ, जिथे वॉल्टनसमोर जवळजवळ काहीच नव्हतं. पक्ष तोच, रंग तोच, कागद तोच. फक्त नाव वेगळं. यापेक्षा स्वच्छ प्रयोग तिने स्वतः आखला असता तरी जमला नसता.

"तू सोडणार नाहीस?" जिलने हळूच विचारलं.

लिनेट "बघू" म्हणणार होती. शब्द जिभेवर आलाही होता, दोन वर्षांच्या सवयीने. तिने तो गिळला आणि ती झग्यांकडे बघत राहिली.

"हे तुझं गप्प बसणं मला आवडत नाही," जिल म्हणाली.

फेरमोजणी संपली. फरक अकराचा बारा झाला होता. एक मतपत्रिका दुसरीच्या पोटात चिकटून राहिली होती. टोबीने अधिकारी बाईंशी, मग लिनेटशी हात मिळवला. पोराचा हात ओला होता. "मी पाटी वाचतो," तो म्हणाला. "आमच्याकडे स्पॅनियल कुत्रा आहे." मग लाल होऊन निघून गेला.

उमेदवार मंचावर चढले. रेनशॉ, स्टॅन्सफील्ड, फॅरो. वॉल्टनची जागा मोकळी. अधिकारी बाईंनी माइकसमोर नावं आणि आकडे वाचले, आणि जेफ्री स्टॅन्सफील्ड व लिनेट फॅरो हे रीतसर निवडून आल्याचं जाहीर केलं. मग पिवळ्यांच्या कोपऱ्यातून एक आरोळी उठली. ज्यांना बेकसाइड गेल्याचं तासाभरापूर्वी सांगितलं होतं त्यांचीच.

रिवाजाप्रमाणे जेफ्री आधी बोलले. मोजणाऱ्यांचे आभार, पोलिसांचे आभार, बायकोचे आभार. "तिने मला एक मत दिलं. दुसरं कुणाला दिलं ते ती सांगेल." लोक हसले. ते माइकपासून बाजूला झाले आणि जाताना पुटपुटले, "चल, फॅरोबाई. चावत नाही तो."

माइक तिच्या उंचीपेक्षा वर होता. तिने तो खाली ओढला. करकर असा आवाज हॉलभर गेला. समोर सगळे चेहरे: दोन्ही हात तोंडावर धरलेली जिल, टायची गाठ पुन्हा घट्ट केलेला रसेल, रबराची टोपी अंगठ्यावर तशीच असलेली ती बाई. आणि मागे, कॅफेच्या दाराशी, थर्मास काखेत धरून उभा असलेला डेरेक.

"मोजणाऱ्यांचे आभार," ती म्हणाली. "दोनदा मोजावं लागलं, त्यातली एक वेळ माझ्यामुळे. जेफ्री आणि टोबी, तुमचे आभार. ज्याने कुत्रा काढला त्याचेही. चित्र चांगलं होतं."

हशा पिकला. ती तो संपेपर्यंत थांबली.

"माझं नाव जागा भरायला घातलं होतं, हे इथे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. पण मी आज टेबलाशी उभी राहून तुमच्या फुल्या बघितल्या, आणि त्या कुणी चुकून काढलेल्या नाहीत. पुढच्या रविवारी पाटी नेहमीच्या वेळेला लागेल. सोमवारी मी मिल लेनच्या झाकणाचं सगळं मोजमाप घेऊन टाउन हॉलमध्ये जाणार आहे. तिथे आता त्यांना माझ्यासाठी दार उघडावं लागेल."

टाळ्या झाल्या. रसेलनेही वाजवल्या, थोड्या उशिराने, पण वाजवल्या. लिनेटने मान वळवून हॉलच्या मागच्या टोकाकडे बघितलं.

"डेरेक, तू म्हणालास मोठ्याने सांग. समुद्र बघायला आपण शनिवारी जाऊ, हवं तर दर शनिवारी. पण ही जागा मी सोडणार नाही. घर विकायचं नाही. आपण फायलीला राहायला जात नाही."